इलाही मिस्त्रींचा बंदोबस्त

आमच्या शिक्षक कॉलनीत रोज सकाळी साडेसातला एक कुत्रा फिरायला निघायचा, आणि त्याच्या मागून डोक्याला हेल्मेट घातलेला एक माणूस चालत यायचा. गाडी नाही, नुसतं हेल्मेट. एका हातात कुत्र्याची दोरी, दुसऱ्या हातात स्टीलचं ताट आणि काखेत पळी. नव्या माणसाला वाटायचं की हे गृहस्थ कुठंतरी पंगतीला निघालेत आणि पंगतीत दगडफेक होणार असल्याची त्यांना पक्की खबर आहे.

हे इलाही मिस्त्री, माझे शेजारी. ताट लांडग्यासाठी होतं. लांडगा दिसला की वाजवायचं. हेल्मेटही लांडग्यासाठीच होतं. मी एकदा न राहवून विचारलं, "मिस्त्री, लांडगा काय डोक्यावर येऊन बसतो?"

"लांडगा न्हाई बसत बाई. पण आपुन पळताना पडलो तर?"

"तुम्हीच तर सांगता, लांडग्यासमोर पळायचं नाही."

"सांगतो की. पण माणूस हाय. सांगून बी पळतंय."

मी शाळेत बाई आहे, पण मिस्त्रींसमोर माझा कायम सहावीतला विद्यार्थी व्हायचा.

आमची कॉलनी म्हणजे कवठे महांकाळच्या पुढं, डांबरी रस्ता दमून थांबतो तिथली आठ घरं. त्यांतल्या तीन घरांत शिक्षक आहेत, म्हणून शिक्षक कॉलनी. घरांच्या मागं माळ सुरू होतो. तो कुठं संपतो हे पाहायला मी गेलेली नाही. कुसळाचं गवत, दगड, मधूनच एखादी बाभळ, आणि लांडगे. लांडगे आधीपासून होते, कॉलनी नंतर आली. पण प्लॉट विकताना पाण्याची सोय, रस्त्याची सोय सांगतात, लांडग्यांची कुणी सांगत नाही.

मिस्त्रींनी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य लेथ मशीनवर काढलं. लोखंडाचा दांडा फिरवायचा आणि केसाच्या जाडीइतका फरक पडू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर मशीन कुपवाडला राहिलं आणि सवय घरी आली. "माप पायजे" हे त्यांचं पालुपद. दोडका घेताना माप पायजे, लग्नपत्रिका लिहिताना माप पायजे, माणसानं हसताना बी माप पायजे. एका दिवाळीला मी त्यांना करंज्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना त्यांनी माझं मनापासून कौतुक केलं. "लय झ्याक बाई. बाराच्या बारा एका मापाच्या." करंज्या सांगलीहून विकत आणल्या होत्या. मी ते सांगितलं नाही. एवढी दाद मला माझ्या स्वयंपाकाबद्दल घरात कधी मिळालेली नव्हती.

कुत्र्याचं नाव ब्रूनो. जात लॅब्राडोर, रंग साजूक तुपाचा आणि वजन साधारण त्याच तुपाच्या पिंपाइतकं. तो मांजराला घाबरायचा, फुग्याला घाबरायचा, आणि मिस्त्री हेल्मेट घालून आरशासमोर उभे राहिले की आरशातल्या मिस्त्रींना घाबरायचा. हा कुत्रा मिस्त्रींचा नव्हता, हे ते भेटेल त्याला सांगायचे. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीचा, शबानाचा. तिनं घर बदलताना आणून ठेवला होता, त्याला दोन वर्षं होऊन गेली.

"ठेव हाय बाई, लोकाची. तिनं उद्या न्यावं, मी मोकळा. पण जशी दिली तशी माघारी द्यायला नको का?"

या ठेवीच्या रक्षणासाठी जो बंदोबस्त होता, तो पाहून एखाद्या धरणाला लाज वाटली असती. ब्रूनोनं सूर्य उगवायच्या आधी बाहेर पडायचं नाही आणि मावळायच्या आत घरात असायचं. दोरी सहा फूट, आणि ती कधीही सोडायची नाही. खाणं घराच्या आत, उष्टं खरकटं अंगणात ठेवायचं नाही. वर्षाची लस ठरल्या दिवशी. "आपल्या कुत्र्याचा रोग लांडग्याला बी लागतो. माप दोन्ही बाजूनं धरावं लागतं," असं ते म्हणायचे. लांडग्याच्या तब्येतीचीही काळजी करणारा तालुक्यातला हा एकमेव माणूस असावा.

मग गळ्यातला पट्टा. चामड्याच्या पट्ट्यावर स्टीलची टोकदार बोंडं, कुपवाडला जुन्या मशीनवर जाऊन स्वतःच्या हातानं काढलेली. मेंढक्यांच्या कुत्र्यांना असे पट्टे असतात. लांडगा नरडं धरायला गेला की त्याचंच तोंड फाटावं. कल्पना उत्तम होती. पण ब्रूनो स्वभावानं प्रेमळ. दिसेल त्याच्या मांडीला मान घासायची, एवढंच त्याला यायचं. दोन वर्षांत त्या पट्ट्यानं एकाही लांडग्याला ओरखडा काढला नाही. माझ्या नवऱ्याच्या तीन पँटी, ग्रामसेवकांचा एक लेंगा आणि गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्याचा संयम मात्र फाटला.

पण कॉलनीच्या इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट कुंपणाची. मिस्त्रींनी घराभोवती माणसाच्या उंचीची जाळी बसवली. मग त्यांना कुणा मेंढक्यानं सांगितलं की लांडगा वरून नाही, खालून येतो, उकरून. लगेच जाळीचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीत पुरला आणि वर दगड बसवले. काम झाल्यावर त्यांनी मला रविवारी सकाळी हाक मारली.

"बाई, घड्याळ घिऊन या. तपासणी करायची हाय."

मी गेले. मिस्त्री जाळीबाहेर गुडघ्यांवर बसले होते.

"आता मी लांडगा. तुमी येळ लावा."

साठी ओलांडलेल्या त्या लांडग्यानं दोन्ही हातांनी माती उकरायला सुरुवात केली. आतून ब्रूनो पाहत होता, आणि आपला मालक आपल्याला भेटायला एवढे कष्ट घेतोय हे बघून शेपूट हलवत होता. पाच मिनिटांनी मिस्त्रींचा सदरा जाळीच्या टोकात अडकला. पुढं जाता येईना, मागं येता येईना. त्याच वेळी दूधवाला आला, मग ग्रामसेवक आले, मग एक मॅटाडोर उगीचच थांबली. मिस्त्री जमिनीवरून शांतपणे म्हणाले, "बघा. लांडगा अडाकला. जाळी पास."

मी हे शाळेत सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आता लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मी त्यांचं ते रांगणं करूनही दाखवायची.

मिस्त्रींचं एकाच माणसाशी वाकडं होतं, ते दिलीपशेठशी. दिलीपशेठची पोल्ट्री कॉलनीच्या खालच्या अंगाला. मेलेल्या कोंबड्या तो ओढ्यात टाकायचा. "मास टाकलं की लांडगं येणारच. त्यो काय वाट चुकून येतो व्हय?" असं म्हणत मिस्त्री दर सोमवारी त्याच्याकडं खड्ड्याचा नकाशा घेऊन जायचे. वरून खड्डा कसा दिसेल, समोरून कसा, बाजूनं कसा, अशी तीन चित्रं, सगळी मापं घालून. खड्डा बाजूनं कसा दिसतो हे जगात फक्त मिस्त्रींनाच ठाऊक असेल. दिलीपशेठ नकाशा आदरानं घ्यायचा, चहा पाजायचा, आणि कोंबड्या ओढ्यात टाकायचा.

थोडा राग माझ्यावरही होता. माझी सोनी म्हणजे पांढरी, पिटुकली, गावठी आणि कुणाच्या बापाला न जुमानणारी कुत्री. ती दिवसभर गाव हिंडायची आणि जेवायच्या वेळेला घरी यायची. मिस्त्री मला रोज सांगायचे. "आवं बाई, दोरी लावा तिला. लांडग्याला कुत्रं म्हंजी येक तर भावकी, न्हाईतर जेवान. दोन्हीत मरान तिचंच."

"सोनी हुशार आहे मिस्त्री," मी म्हणायची. "आणि तुमचा लांडगा आम्हाला अजून दर्शन द्यायचाय."

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी त्यानं दर्शन दिलं.

सहा वाजले असतील. सूर्य नुकताच गेलेला, माळावर अजून उजेड होता. सोनी कुठं दिसेना म्हणून मी घरामागं गेले. ती ओढ्याच्या काठाला होती, दिलीपशेठनं टाकलेल्या कोंबड्यांपाशी. तिच्या पलीकडं दोन कुत्री उभी होती. मातकट, उंच पायांची, बारकी. कुणाची बरं ही, असा विचार मी करत होते. त्यांची शेपटी खाली होती आणि ती भुंकत नव्हती. मग त्यातलं एक सरळ सोनीवर आलं आणि त्यानं तिला मानेमागं धरून उचललं, तेव्हा मला समजलं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. धावायला गेले तर मागून आवाज आला.

"पळू नका बाई. हुब्या ऱ्हावा."

मिस्त्री फाटकातून बाहेर आले होते. संध्याकाळच्या नमाजाची वेळ, त्यामुळं अंगावर नमाजाचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, कोपरापर्यंत हात ओले, पाय अनवाणी. हे कपडे ते ब्रूनोपासून कटाक्षानं लांब ठेवायचे. कुत्र्याच्या लाळेचा एक थेंब लागू नये म्हणून त्यांची खुंटीसुद्धा वेगळ्या खोलीत होती. हातात ताट होतं. हेल्मेट नव्हतं.

ते पळाले नाहीत. ताट वाजवत, एकसारख्या पावलांनी, सरळ त्या दोघांकडं चालत गेले. "माझ्या बाजूला या. हात वर करा. मोठ्या दिसा," असं मला सांगितलं. मी चार फूट अकरा इंच आहे. जेवढी मोठी दिसता आली तेवढी दिसले. मिस्त्री ताटावर पळी हाणत होते आणि घशातून एक आवाज काढत होते, मेंढके काढतात तसा.

लांडग्यानं सोनीला टाकलं. टाकून तो लगेच गेला नाही. थांबून आमच्याकडं पाहिलं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. दुसरा वळला, मग हाही वळला, आणि दोघं काही विशेष झालं नसल्यासारखे दुडक्या चालीनं माळावर निघून गेले.

मिस्त्रींनी ताट माझ्या हातात दिलं, खाली वाकले आणि सोनीला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. तिची लाळ, रक्त, ओढ्याची घाण, सगळं त्या पांढऱ्या कपड्यांवर गेलं.

"मिस्त्री, तुमचे कपडे," मी म्हणाले. मला त्या वेळी तेवढंच सुचलं.

"धुतलं की निघतंय," ते म्हणाले. "ताट वाजवत ऱ्हावा. माळाकडं पाठ करू नका."

आम्ही मागं मागं चालत माझ्या घरी आलो. त्यांनी तिची जखम साबणानं नळाखाली कितीतरी वेळ धुतली. ती चावायला यायची, ते तिच्याशी बोलत राहायचे. "झालं, झालं माझी बाय. एक सूतभर आत गेलाय दात. लय न्हाई." मग घरी जाऊन आंघोळ केली, कपडे बदलले, नमाज पढला आणि परत येऊन सोनीपाशी बसले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात नेतानाही तेच बरोबर होते. टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, जखम धुतली म्हणून बरं झालं.

जाता येता मी एका वाक्याची वाट पाहत होते. "मी सांगितलं हुतं." ते ऐकायची तयारीही करून ठेवली होती. मिस्त्रींनी ते त्या दिवशी म्हटलं नाही, आणि नंतरही कधी म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी कॉलनी माझ्या अंगणात जमली. आजवर मिस्त्रींच्या ताटाला हसणाऱ्या प्रत्येकाला आता लांडग्यांविषयी मत होतं. दिलीपशेठनं तोडगा काढला. मेलेल्या कोंबडीत औषध घालून टाकायचं, काम तमाम. दोघांनी माना डोलावल्या.

मिस्त्री कोपऱ्यात बसले होते. "मरंल त्यो लांडगा," ते म्हणाले. "पण त्याच्या आदी ह्या गावातली समदी कुत्री मरत्याल. मेंढक्याची मरत्याल. घारी मरत्याल. आन त्यो चोरी कराय आला न्हवता शेठ. तुमी जेवाय वाढलं, त्यो जेवाय आला."

दिलीपशेठ काही बोलणार होता. मी आत जाऊन सोनीला आणलं आणि मानेला पट्टी बांधलेली ती कुत्री त्याच्या मांडीवर ठेवली. शाळेत वीस वर्षं काढल्यावर कुठं गप्प बसवायचं एवढं कळतं. त्या आठवड्यात पोल्ट्रीमागं खड्डा झाला. मिस्त्री माप घ्यायला गेले, तर तो वीतभर कमी भरला. परत खणायला लावला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मला उपकार फेडायची हौस आली. शबानाचा नंबर माझ्याकडं होता, अडीअडचणीला म्हणून. मी तिला फोन केला आणि तुझे वडील किती शूर आहेत ते रंगवून सांगितलं. रंगवताना दोनाचे तीन लांडगे झाले असतील. रविवारी सकाळी तिची गाडी मिस्त्रींच्या दारात उभी होती. ब्रूनोला न्यायला आली होती.

मिस्त्री सामान बांधत होते तेवढ्यात ती माझ्याकडं आली. ओट्यावर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "बाई, मी ब्रूनोला पंधरा दिवसांसाठी ठेवलं होतं. सोळाव्या दिवशी न्यायला आले, तर अब्बा म्हणाले, त्याचं पोट बिघडलंय, गाडीत नको. पुढच्या महिन्यात म्हणाले, लस झालीय, प्रवास नको. मग म्हणाले उन्हाळा आहे. मग म्हणाले जाळी नवी घातलीय, वाया जाईल."

मला दोन वर्षं ऐकलेलं सगळं आठवलं. लोकाची ठेव. तिनं न्यावं, मी मोकळा.

"मला कळत होतं," शबाना म्हणाली. "अम्मी गेल्यावर अब्बा फोनवर 'बरं हाय' एवढंच म्हणायचे आणि ठेवायचे. ब्रूनो आल्यापासून अर्धा अर्धा तास बोलतात. त्यानं काय खाल्लं, कुणाची पँट फाडली, सगळं. मग मी पण मागायचं सोडून दिलं. दर महिन्याला आपलं विचारायचं, त्यांनी आपलं कारण सांगायचं."

"मग आता का?"

"कारण लांडगा आला की ते ताट घेऊन बाहेर जाणार, हे आता मला माहीत झालंय. कुत्रं घरात नसलं तर जाणार नाहीत."

त्या संध्याकाळी ब्रूनो कडीकुलपात पलंगाखाली सुरक्षित होता. मिस्त्री बाहेर पडले होते ते माझ्या सोनीसाठी. हे सांगायला हवं होतं. माझ्या जिभेवर आलं, आणि मी तिला आणखी चहा हवा का ते विचारलं.

तिनं वडिलांनाही पुण्याला चला म्हणून विनवलं. "तितं चवथ्या मजल्यावर मी काय करू?" एवढंच ते म्हणाले. ब्रूनोचं सामान गाडीत ठेवताना त्यांनी तिला खाण्याच्या वेळा दोनदा सांगितल्या. ब्रूनो मागच्या सीटवर चढला, खिडकीतून मान काढून त्यांच्या खांद्यावर घासली. मिस्त्रींनी त्याचं डोकं आत सारलं आणि काच वर करायला सांगितली. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "चला. मोकळा झालो."

पुढचे चार दिवस ते बाहेर पडले नाहीत. दार उघडं असायचं, रेडिओ लागलेला असायचा. मी डबा दिला तो फाटकातूनच घेतला आणि धुऊन फाटकातूनच परत दिला. भाजीचं कौतुक केलं नाही, दोष काढला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी चारला त्यांनी माझ्या फाटकाची कडी वाजवली. अंगात इस्त्रीचा सदरा.

"बाई, सोनीचं टाकं सुकलं का?"

"सुकले की. काल डॉक्टरांनी काढले."

"बरं झालं." त्यांनी फाटकाचा गज हलवून पाहिला. "न्हाई, म्हटलं, पडून पडून आंग आखडतं कुत्र्याचं. थोडं चालवाय पायजे. डाक्टर म्हणलं असतील."

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते.

"म्हणाले ना," मी म्हणाले. "रोज चालवायला सांगितलंय. मला शाळेतून आल्यावर कुठं जमतंय मिस्त्री."

"रोज?"

"रोज."

त्यांनी मान हलवली, चप्पल काढली आणि माझ्या ओट्यावर बसले. सोनी आत वाटीतला दूधभात खात होती, तिचा आवाज बाहेर येत होता. मी तिला आणायला वळले.

"खाऊ द्या तिला निवांत," ते म्हणाले. "मी बसतो. मला कुटं जायाचं हाय."